दोन कुलपांचं पाणी

सहा वाजून वीस मिनिटं झाली, तरी बोरजाईची किल्ली आली नव्हती.

चेतना पुराणिक व्हॉल्व्हघराच्या पायरीवर बसली, उठली, रस्त्यापर्यंत जाऊन आली, पुन्हा बसली. पौषातला गार वारा माळावरून सरळ स्वेटरात शिरत होता. चिंचवणच्या तीन नंबर वॉर्डात आज पाणी सुटायचं होतं. बायका आत्तापासून हंडे लावून नळाच्या तोंडाकडं बघत उभ्या असणार. आणि इथं दाराला कुलपं दोन, हातात किल्ली एक.

या दोन कुलपांची हकिकत सांगायला हवी. सांगोल्याकडच्या त्या माळावर चिंचवण आणि बोरजाई ही गावं एकमेकांच्या उशाशी निजल्यासारखी. नगरपंचायती दोन, पण नदीवरून येणारा पाइप एकच. शिवेवरच्या या खोलीत दोन चाकं होती. एक फिरवलं की पाणी चिंचवणला, दुसरं फिरवलं की बोरजाईला. आठ वर्षांमागं, टँकरच्या उन्हाळ्यात, पाळी नसताना कुणीतरी चाक फिरवलं. कुणी, ते अजून कळलेलं नाही. दोन्ही गावं शपथेवर सांगतात की ते समोरच्यांनी. तेव्हापासून दोन्ही नगरपंचायतींचं एका गोष्टीवर पक्कं एकमत झालं— समोरच्यावर विश्वास ठेवायचा नाही. म्हणून ही दोन कुलपं. एक किल्ली यांची, एक त्यांची. दोघं आल्याशिवाय दार उघडायचं नाही.

चिंचवणच्या व्हॉल्व्हमनची जागा दोन वर्षं रिकामी, त्यामुळं किल्ली पाणीपुरवठ्याच्या लिपिकाकडं, म्हणजे चेतनाकडं आली होती. बोरजाईची किल्ली शिवानंदकाका आणायचे. पण ते परवाच निवृत्त झाले, आणि आज...

आज धुरळा उडवत एक मोटारसायकल आली. चालवणाऱ्याच्या पुढ्यात, पेट्रोलच्या टाकीवर, एक करडू ऐटीत बसलं होतं.

"तुम्ही बोरजाईचे?"

"मी बोरजाईचा. हे आत्याचं." त्यानं करडू अलगद खाली ठेवलं. "शहाजी बंडगर. शिवानंदकाकांच्या जागी."

"वीस मिनिटं उशीर झालाय."

"त्यातली पाच माझी म्याडम. पंधरा ह्याची. रस्त्याच्या मदी बसलं, उठंचना. म्हनलं चल, तूच सांग जाऊन."

करडानं चेतनाच्या ओढणीचं टोक तोंडात धरलं.

"बघा. माफी मागतंय."

चेतनाला हसू आलं. ते तिनं कुलपाकडं वळून लपवलं, आणि किल्ली उलटी घातली.

दार उघडलं, चाक फिरलं. पाणी यायच्या आधी पाइपातून हवा येते. कुणीतरी मनातलं बोलू की नको करत दम घ्यावा तसा लांबलचक आवाज, मग थोडं थांबून पुन्हा. आणि मग बाजूच्या तोटीतून पाणी धडकन आलं. चेतनानं कोनाड्यातला तांब्या भरला आणि शहाजीपुढं धरला.

"हे काय?"

"शिवानंदकाकांनी सांगितलं नाही? पहिला तांब्या समोरच्या गावाला. आमची पाळी असली की आम्ही तुम्हाला द्यायचा, तुमची असली की तुम्ही आम्हाला. भांडण मिटलं तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी घालून दिलंय."

शिवानंदकाका तो तांब्या डोळे मिटून प्यायचे, तीर्थ घ्यावं तसे. या माणसानं मात्र डोळे मिटले नाहीत. तांब्याच्या काठावरून त्याची नजर वर आली, आणि चेतनाला उगाचच स्कूटीची किल्ली शोधावीशी वाटली. ती हातातच होती.

*

त्यानंतर गजराची गरज उरली नाही. साडेचारलाच जाग यायची. चहा करायचा, तो निवेपर्यंत धीर नसायचा, जीभ पोळायची. रविवारी सुट्टी नसते याचं पूर्वी वाईट वाटायचं. आता रविवार सोमवारसारखाच गोड झाला.

"म्याडम, तुमी घरी पन आसंच बोलता? पुस्तकातल्यासारखं?"

"माझे बाबा कीर्तनकार आहेत. वेणीमाधवबुवा. घरात मीठ मागायचं तरी नीट मागावं लागतं."

"आमच्यात मीठ मागायचं न्हाय, घ्यायचं." तो पायरीवर बसत म्हणाला. "आनि तुमी काय करता कीर्तनात?"

"पेटी वाजवते."

"मग बोटं जपा. ते चाक मी फिरवतो."

"आज पाळी चिंचवणची आहे. चाक चिंचवण फिरवणार."

"फिरवा की. मी आपलं बोटांचं बोललो."

तो हिशेबात पक्का होता. पाणी इथून सुटलं की गुरवगल्लीच्या शेवटच्या नळाला किती मिनिटांत पोचेल, ते तोंडानं सांगायचा; चेतना तिथं फोन करून विचारायची, आणि ते मिनिटाला मिनिट खरं निघायचं. "कॅलक्युलेटर गिळलाय का?" तिनं एकदा विचारलं. "मेंढरं मोजून मोजून झालंय," तो म्हणाला. "चालती मेंढरं मोजा एकदा. मग पानी काय, बसल्या जागी मोजता येतं."

माघात दोन्ही नगरपंचायतींचे साहेब लोक एकत्र बसले आणि आठ वर्षांत न सुचलेली गोष्ट त्यांना सुचली. दोन गावांनी पाण्याचं काम मिळून करायचं. आळीपाळीनं पाणी सोडताना रोज एका गावाची लाइन रिकामी व्हायची, दुसऱ्या दिवशी ती भरण्यातच पाणी मुरायचं. दोघांचे पंप एकत्र चालवले, लाइन कायम भरलेली ठेवली, तर पाचव्या दिवशी येणारं पाणी दिवसाआड येणार होतं. करारनामा चेतनानं लिहायचा, बोरजाईचे आकडे शहाजीनं द्यायचे, आणि फाइल मंजुरीला सोलापूरला जाणार.

मग काय, चाक फिरवून झालं की दोघं पायरीवर कागद मांडून बसायचे. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून एका टोकाला तांब्या, दुसऱ्या टोकाला करडू. कलम एक, कलम दोन... शहाजीच्या शर्टाला धुरळ्याचा आणि साबणाचा वास यायचा. कागदावर दोघांची बोटं एकाच ओळीवर यायची, आणि दोघंही ती ओळ दोनदा वाचायचे.

कलम सातपाशी चेतनाचं पेन थांबलं.

"काय झालं?"

"काही नाही... वाचते. कलम सात. व्हॉल्व्हघरात आपोआप चालणारा व्हॉल्व्ह बसवण्यात येईल. दोन्ही कुलपे काढण्यात येतील. बोरजाईच्या व्हॉल्व्हमनची नेमणूक भीमेकाठच्या जॅकवेलवर करण्यात येईल."

जॅकवेल म्हणजे जिथून पाणी उपसतात ती नदीकाठची विहीर. चाळीस किलोमीटर लांब, आणि राहायला खोली तिथंच.

शहाजी बराच वेळ करडाचे कान चोळत राहिला. "चांगलं कलम हाय की," तो म्हणाला. "पानी दिवसाआड येतंय."

"हो. चांगलंच आहे."

दोघांनी ते कलम दोनदा वाचलं नाही.

*

रोज सकाळी शहाजीची आत्या, केराबाई, शेरडं घेऊन व्हॉल्व्हघरावरून जायची. चांदीच्या वाळ्यांचा आवाज आधी, शिव्या नंतर, माणूस शेवटी.

"काय गं बामनीन बाई, तुमचा कागद अजून गाबनच का? कवा विनार?"

"सोलापूरला गेलाय आत्या. येईल."

"माज्या शेरडांनी दोन येत दिली तेवड्यात. पाच-पाच दिस हंडा धरून बसायचं म्हंजी काय. गुडगं गेलं की माजं."

चेतनानं कुलूप उगाच पुन्हा ओढून बघितलं. कारण कागद का अडलाय ते तिला ठाऊक होतं. फाइल बांधताना नकाशाचं पान, परिशिष्ट ब, तिनं हातात घेतलं होतं... आणि मग ते टेबलाच्या खणात राहिलं. राहिलं म्हणजे तिनं ते ठेवलं, वर पेपरवेट ठेवला, आणि खण लावला. आयुष्यात तिनं कधी पेटीचा एक सूर जाणूनबुजून चुकवला नव्हता.

तीन आठवड्यांनी फाइल परत आली. 'परिशिष्ट ब जोडलेले नाही.' तिनं ते जोडलं. या वेळी खरंच जोडलं. केराबाईचे गुडघे रात्रंदिवस डोळ्यांपुढं येत होते. बोरजाईचं वेळापत्रकाचं पान शहाजीनं नव्यानं भरून दिलं. फाइल गेली. सकाळी पायरीवर बसायची, तर आता बूड टेकेना. तांब्या घेताना बोटांना बोट लागलं की दिवसभर ऑफिसात नोंदी चुकायच्या. आणि दोन आठवड्यांनी फाइल पुन्हा परत, सोबत निरोप— दोन्ही गावच्या संबंधितांनी समक्ष हजर राहावे.

*

सोलापूरच्या त्या कार्यालयात हेमावती मॅडम होत्या. अक्कलकोटकडच्या, बोलण्यात कानडीची लकेर, कपाळावर विभूतीची बारीक रेघ. त्यांनी दोघांना समोर बसवलं, फाइल उघडली आणि चष्मा नाकावर सरकवला.

"बसा री. करारनामा झकास लिहिलाय. एवढा स्वच्छ करारनामा मी पाहिला नाही. म्हणून तर मला कोडं पडलं. पहिल्यांदा काय, नकाशाच नाही. जिनं सतरा पानं क्रमानं लावली, तिला अठरावं सापडलं नाही." त्यांनी चेतनाकडं पाहिलं. मग पान उलटलं. "आणि आता हे. पंप चालवायचे तास. सकाळ, दुपार, संध्याकाळ, बेरीज सव्वीस. दिवसाला सव्वीस तास. बोरजाईला दिवस मोठा असतो काय हो?"

चेतनानं चमकून शहाजीकडं बघितलं. चालती मेंढरं मोजणारा माणूस. तो टेबलावरच्या टाचणीच्या डबीकडं बघत होता आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग त्यानं हळूच मान वळवली... आणि चेतनाच्याही कानाच्या पाळ्या तशाच होत्या.

हेमावती मॅडम काही क्षण दोघांकडं आलटून पालटून बघत राहिल्या. मग त्यांनी पेन पुढं सरकवलं.

"इथंच दुरुस्त करा. आज सही करते मी. दोन गावं वाट बघतायत, एवढं ध्यानात ठेवा. बाकी तुमचं तुम्ही बघा."

शहाजीनं सव्वीस खोडून वीस केलं. चेतनानं बाजूला सही केली. पेन एकच होतं. देताघेताना ते दोनदा खाली पडलं.

बाहेर पडून दोघं सिद्धेश्वर तलावाच्या कट्ट्यावर येऊन बसले. हातात कागदी पुडीत शेंगा, पण फोडत कुणीच नव्हतं.

"नकाशा... विसरला न्हवता तर," शहाजी म्हणाला.

"सव्वीस तास. तुम्हाला लाज नाही वाटली?"

"लई वाटली. पन दोन तास जास्तीचं कुटून तरी आनायचं होतं."

ती हसली, मग पुडी बाजूला ठेवली. पाण्यावर ऊन हलत होतं. "आपण वाईट केलं, शहाजी. तुमच्या आत्या... वॉर्डातल्या बायका... आपल्या दोघांपायी दीड महिना."

"व्हय." त्यानं शेंग फोडली, दाणे तिच्या हातावर ठेवले. "मला आत्याच्या डोळ्याला डोळा देता येत न्हवता. आज बरं वाटलं. आनि..."

"आणि?"

"आनि बरं न्हाय पन वाटलं."

आता तिनं बोलायचं होतं. तो थांबला होता, हे तिला दिसत होतं. शेंगेचं टरफल बोटात फिरवत, पाण्याकडं बघत थांबला होता. तिच्या ओठांपर्यंत आलं... पाइपातल्या हवेसारखं आलं, थांबलं, पुन्हा आलं.

"बस चुकेल," ती म्हणाली.

"व्हय," तो म्हणाला. "चला, म्याडम."

*

रामनवमीचं नवरात्र आलं. चिंचवणच्या राममंदिरात रोज संध्याकाळी वेणीमाधवबुवांचं कीर्तन. शुभ्र धोतर, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या; बुवा उभे राहिले की मंदिरातल्या समयाही जरा ताठ उभ्या राहिल्यासारख्या वाटायच्या. आणि डाव्या हाताला पेटीवर चेतना.

आठव्या दिवशी पेटी बुवांच्या पुढं पळाली. बुवा विलंबित घेतायत आणि पेटी दुसऱ्या कुठल्या तरी गावाला निघालेली. बुवांनी एकदा चिपळीनं खूण केली, दुसऱ्यांदा नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी, नवमीच्या सकाळी, कुलपं काढायचा कार्यक्रम होता, आणि परवा सकाळच्या साडेसहाच्या गाडीनं शहाजी जॅकवेलवर जाणार होता. व्हॉल्व्ह कालच बसवून झाला होता.

आरती झाली, लोक पांगले. बुवा चिपळ्या रुमालात गुंडाळत म्हणाले, "आज पेटीला फार घाई होती."

"चुकलं, बाबा."

"चुकू दे. पण निघालीय कुठं, ते तरी कळू दे."

चेतनानं भाता बंद केला. पेटीवरची नसलेली धूळ पुसली. "बाबा, बुवा पूर्वरंग कधी लांबवतो?"

"आख्यान पाठ नसलं म्हणजे."

"आणि पाठ असलं तर?"

बुवा खाली बसले. त्यांना कुणी कीर्तनातलं विचारलं की ते असे जमिनीवर मांडी घालूनच उत्तर देत. "तर मग भीती असते, बाळ. आपलं आख्यान ऐकून लोक उठून जातील अशी. म्हणून निरूपणातच घोळत राहायचं. गंमत अशी, की उठून गेलेले जे मी पाहिलेत ना, ते सगळे पूर्वरंगाला कंटाळून गेलेले. आख्यानातून उठून गेलेला माणूस मला आठवत नाही."

ती पेटीची कडी लावत राहिली.

"आणखी एक," बुवा म्हणाले. "बोरजाईचा एक मुलगा रोज येतो. मागच्या खांबाला टेकून बसतो, पहिल्या दिवसापासून. तुझं लक्ष पेटीवर, तुला दिसला नसेल. मध्यंतरात सगळे बुक्का लावून घ्यायला उठतात तसा तोही उठतो, चार पावलं पुढं येतो आणि परत फिरतो. आठ दिवस बघतोय मी." त्यांनी कनवटीची छोटी पितळी डबी काढून पेटीवर ठेवली. "त्याला सांग, माझ्या कीर्तनात बुक्का सगळ्यांना लागतो. मागून घ्यायला संकोच होत असेल, तर कुणीतरी नेऊन लावावा."

"बाबा..."

"आठ दिवस ऐकणारा माणूस उठून जाणारा नसतो. जा, झोप आता."

*

नवमीला कुलपं निघाली. फीत कापली, पेढे वाटले, दोन्ही अध्यक्षांनी एकमेकांना शाल घातली. शहाजी गर्दीत त्या बाजूला, चेतना या बाजूला, मधे दोन गावं. तिनं डबी हातात घट्ट धरली होती. दुपारी घरी आली तेव्हा डबीची कड तळहातावर उमटलेली होती.

दशमीच्या पहाटे साडेचारला जाग आली. किल्ली नव्हती, चाक नव्हतं, पाळी नव्हती. व्हॉल्व्हघरात जायचं आता कुणालाच काम नव्हतं. तिनं चहा केला, जीभ पोळली, आणि स्कूटी काढली.

माळावर उजाडत होतं. व्हॉल्व्हघराचं दार नुसतं लोटलेलं, कड्या मोकळ्या लोंबत होत्या. पायरीवर कापडी पिशवी, पिशवीशेजारी शहाजी. त्याच्या हातात बोरजाईची किल्ली होती. कशालाच न लागणारी.

"ही जमा करायची राहिली," तो घाईघाईनं उठत म्हणाला. "म्हनून आलो."

चेतनानं पर्स उघडली. तिच्याही हातात किल्ली होती. "माझीही."

तो हसला, पण हसणं लगेच कुठं तरी गेलं. "साडेसहाची गाडी हाय. ती तिकडं वळनावर धरायची. म्हनलं तोवर..."

"मला आधी बोलू द्या," ती म्हणाली. "तलावावर बोलायचं होतं ते. नकाशा मी मुद्दाम ठेवला. कलम सात मला लिहवत नव्हतं. मला वाटायचं, मी बोलले आणि तुम्ही उठून गेलात तर... आणि न बोलून मी तुम्हाला चाळीस किलोमीटरवर पाठवतेय. मला तुमच्याशी लग्न करायचंय, शहाजी. झालं. आलं एकदाचं."

एवढ्यात आतून आवाज आला. व्हॉल्व्ह आपला आपण फिरत होता. पाइपात हवा भरली, लांबलचक, दम लागल्यासारखी. दोघंही सवयीनं ऐकत राहिले.

"सव्वीस तास," शहाजी हळू म्हणाला, "मी बी न बोलता ह्येच लिहिलं होतं की गं." म्याडम कुठं गेली, ते त्याच्याही लक्षात आलं नाही. "पन तुज्या बाबांचं... आमच्यात मेंढरं, तुमच्यात कीर्तनं..."

तिनं डबी उघडली. अंगठ्याला बुक्का लावला आणि टाचा उंचावून त्याच्या कपाळावर टेकवला. काळा, सुगंधी, थोडा वाकडा.

"बाबांनी पाठवलाय. म्हणाले, चार पावलं येऊन परत फिरतोस. आज त्यांच्यासमोर पाचवं पाऊल टाकायचं."

तोटी धडधडली. पाणी आलं. शहाजीनं कोनाड्यातला तांब्या भरला, आणि मग तो हातात धरून गोंधळला.

"आज पाळी कुनाची?"

"दोघांची. लाइन भरलेली आहे ना आता."

तो अर्धा प्यायला, अर्धा तिच्या ओंजळीत ओतला. ती प्याली तेव्हा शिवानंदकाकांसारखे तिचे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा तो काठावरून बघत होता, पहिल्या दिवसासारखा.

दुरून वाळ्यांचा आवाज आला.

"शाजी, आरं ए," केराबाईनं माळाच्या कडेवरून हाक घातली. "गाडी गेली की रं तुजी. वळनावर हात केला मी, थांबला न्हाई तो. आनि नळाला पानी आलंय घरी, परवा आलं हुतं, आज पुन्यांदा. म्या तर हंडा पालताच ठिवला होता."

"दुसरी अकराला हाय आत्या," शहाजी ओरडला.

"अकराला नाही," चेतना म्हणाली. "अकराला बाबा देवपूजा आटोपून मोकळे होतात. दुपारच्या गाडीनं जा."

केराबाई जवळ आली. तिनं भाच्याच्या कपाळावरचा काळा ठिपका बघितला, चेतनाचा काळा अंगठा बघितला, आणि शेरडांना हाळी देत पुढं चालू लागली.

"चार वाजता बी गाडी हाय," ती वळून न बघता म्हणाली.